फोटो काढण्यास सक्त मनाई आहे

मी ज्या गावात वाढलो तिथे कुंपणावर ठिकठिकाणी हे वाक्य लिहिलेलं असतं. जवाहरनगर, जिल्हा भंडारा. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना हायवेवर 'ठाणा पेट्रोल पंप' नावाचा स्टॉप लागतो (हो, स्टॉपचं नावच पेट्रोल पंप आहे, हसू नका), तिथून आत वळलं की ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. फॅक्टरी साठच्या दशकातली. तोफांना लागणारी दारू आणि स्फोटकं बनवणारी. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यात आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. पाटीवरचं नाव बदललं, पण फोटोला मनाई होती ती तशीच राहिली.

आता स्फोटकांच्या कारखान्यात इमारती एकमेकींना चिकटून बांधत नाहीत. मध्ये मोकळी जागा, मातीचे बांध, झाडं. एक उडाली तर दुसरी वाचावी म्हणून. त्यामुळे कुंपणाच्या आत एवढी झाडी की बाहेरून बघताना लहानपणी वाटायचं, आत फॅक्टरी आहे की अभयारण्य? संध्याकाळी मोरांचे आवाज यायचे. मी एकदा बाबांना म्हटलं, "बाबा, आत एकदा पक्षी बघायला न्या ना." बाबा म्हणाले, "तुले काय करायचं आहे तिथं जाऊन? त्यायले बी तुले पाहाचं नाही." विषय संपला.

लगेच सांगून टाकतो, मी त्या कुंपणाबद्दल भाबडेपणा करत नाहीये. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या कुंपणाच्या आत काय असतं आणि त्याची किंमत कोण देतं, हे जवाहरनगरच्या कुठल्याही घराला समजावून सांगावं लागत नाही. कुंपण पक्ष्यांवर प्रेम म्हणून घातलेलं नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की साठ वर्षं आतल्या एकाही घरट्याजवळ कुणी ट्रायपॉड लावला नाही.

तर मुद्दा असा. हीच पाटी मला समुद्र गरुडाच्या प्रत्येक घरट्याखाली लावायची आहे. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि हवी तर बायनरीमध्ये. माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक वीकएंडला सहाशे एमएमच्या लेन्स घेऊन फिरतात, त्यांना हे आवडणार नाही. नाही आवडलं तरी वाचा.

आधी सिडनीची गोष्ट सांगतो. सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये, परमॅटा नदीच्या काठच्या जंगलात, निलगिरीच्या जातीच्या एका उंच झाडावर पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडांचं घरटं आहे. त्यावर कॅमेरा लावलाय आणि बर्डलाईफ ऑस्ट्रेलियाचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं त्याची रोज नोंद ठेवतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर असतो तोच हा पक्षी, जात तीच. आणि जागा कुठली? न्यूइंग्टन आर्मरी. शंभर वर्षं तिथे नौदलाचा दारूगोळा साठवायचे! म्हणजे सिडनीचं जवाहरनगर म्हणा. शहर चहूबाजूंनी वाढलं आणि दारूगोळ्याच्या भीतीने तेवढा तुकडा शिल्लक राहिला. (जवळच्याच होमबुश खाडीच्या तळाशी डायॉक्सिन मुरलंय, कारण काठावर युनियन कार्बाईडचा कारखाना होता. नाव ओळखीचं वाटलं ना? असो, तो वेगळा लेख होईल.)

हे घरटं मी दोन हंगाम पाहिलं. आपल्या सकाळी साडेसातला तिकडे दुपारचे बारा वाजलेले असतात, त्यामुळे चहा आणि गरुड बरोबर जमायचं. पहिली गोष्ट ध्यानात येते ती म्हणजे बहुतेक वेळ काहीच घडत नाही. कबूल करा, आपल्या डोक्यात गरुड म्हणजे झेप. प्रत्यक्षात गरुड म्हणजे बसणं. एप्रिल-मे मध्ये दोघं काटक्या आणतात. एक काटकी आणायची, ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. नर ठेवतो, मादी काढून दुसरीकडे लावते. (कोड रिव्ह्यू. तंतोतंत.) मध्ये ओल्या पानांचं अस्तर. आमच्याकडे पेरण्या सुरू होतात त्या सुमाराला पहिलं अंडं, दोनचार दिवसांनी दुसरं. मग सुमारे चाळीस दिवस फक्त बसणं. मादी जास्त, नर कमी, पण पाळ्या ठरलेल्या. पावसात बसणं, वाऱ्यात बसणं. पिल्लू बाहेर आलं की साधारण अकरा-बारा आठवडे ते घरट्यात. पहिल्या अंड्यावरच उबवायला सुरुवात होते, त्यामुळे पहिलं पिल्लू मोठं, दुसरं लहान, आणि खाणं कमी पडलं की धाकट्याचं काय होतं ते बघवत नाही. एखाद्या वर्षी दोन्ही उडतात, एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी कुणीच नाही. आणि उडाल्यावरही सुटका नाही. तिथले करावाँग नावाचे कावळ्यासारखे पक्षी नवख्या पिल्लाला हाकलून हाकलून बेजार करतात. पिल्लू प्रौढ दिसायलाच चार-पाच वर्षं लागतात.

म्हणजे हिशोब करा. काटकीपासून पहिल्या झेपेपर्यंत सहा महिने. सहा महिन्यांचा एक रिलीज, वर्षाला एकच, आणि त्यात रोलबॅक नाही.

आता कोकणात या. आपल्याकडचं वेळापत्रक वेगळं. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून पुढे. किनाऱ्यालगतचं उंच झाड, आंबा, सुरू, पिंपळ, काहीही, पण म्हातारं आणि दणकट. दोन मीटर पंखविस्ताराचा पक्षी आहे, त्याला शेवग्याचं झाड चालत नाही. खाणं मासे आणि समुद्री साप. सापांचे सांगाडे घरट्याखाली सापडतात, त्यावरूनच घरटं वापरात आहे की नाही ते जाणकार ओळखतात.

या गरुडांवर महाराष्ट्रात मन लावून काम केलं ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. किनारा पायी धुंडाळून घरटी शोधायची, मोजायची, पुढच्या वर्षी परत जाऊन बघायची. अत्यंत कंटाळवाणं, अत्यंत मोलाचं काम. आणि याच कामातून काय निघालं माहितीये? २००२ साली गरुडांसाठी वेळासच्या किनाऱ्यावर फिरताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तर कळलं, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि अंडी चोरीला जातात. तिथून कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू झालं. आज तुम्ही ज्या वेळासच्या कासव महोत्सवाला जाता, परत येऊन चिमुकल्या पिल्लांचे फोटो टाकता, त्याची सुरुवात गरुडांची घरटी मोजणाऱ्या माणसांच्या पायपिटीत आहे. घरट्याकडे पाहणारा माणूस आजूबाजूलाही पाहतो. फ्रेमकडे पाहणारा फक्त फ्रेम पाहतो.

गेल्या फेब्रुवारीत मी कोकणात एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगणार नाही, तोच तर मुद्दा आहे. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी गच्चीवरून दाखवलं, अर्धा किलोमीटरवर सुरूच्या झाडावर घरटं. आत एक पिल्लू, अर्धवट पिसं फुटलेलं. दुर्बिणीतून डोकं तेवढं दिसत होतं. शनिवारची सकाळ. पावणेआठला दोन गाड्या आल्या. सात जण. पानाफुलांच्या छापाचे जॅकेट, टोप्या, ट्रायपॉड (समुद्रकिनाऱ्यावर पानाफुलांचा छाप घालून लपायचं कुणापासून हे मला आजवर कळलेलं नाही). झाडापासून चाळीसेक पावलांवर उभे राहिले. मादी उठली. घिरट्या घालत ओरडायला लागली. या पक्ष्याचा आवाज गरुडाला न शोभणारा, बदकासारखा, पण त्यातली घालमेल कळायला पक्षितज्ज्ञ असावं लागत नाही. मग एकाने ड्रोन काढला.

मी घड्याळ लावलं. सवयीने. बेचाळीस मिनिटं मादी घरट्यावर उतरली नाही. त्या वेळात नर दोनदा मासा घेऊन आला आणि दोनदा तसाच मागे वळला. तिसऱ्यांदा आला नाही. शेजारच्या माडावर कावळे येऊन बसले होते, ते काही आमच्यासारखे हवापालटाला आले नव्हते.

मी खाली गेलो आणि बोललो. नीट, आवाज न चढवता. त्यातला सगळ्यात मोठी लेन्सवाला म्हणाला, "अहो, आम्ही डिस्टन्स मेन्टेन करूनच आहोत. सहाशेची लेन्स आहे. आणि आम्हीही निसर्गप्रेमीच आहोत." मी म्हटलं, "ती ओरडतेय." तो म्हणाला, "हो ना, मस्त फ्लाईट शॉट्स मिळाले!"

यावर काय बोलणार? तिला हाकलल्यामुळे ती उडतेय, आणि ती उडतेय म्हणून शॉट मिळतोय.

काका गच्चीवरून बघत होते. नंतर म्हणाले, "दर शनवारी कोण ना कोण येतंच हो. बागेतून जातात, विचारीत पण नाहीत. पहिल्यांदा एक जण आला होता, मग त्याने बहुतेक सगळ्यांना सांगितलं."

एप्रिलमध्ये मी काकांना फोन केला. पिल्लू उडालं का? ते म्हणाले, घरटं रिकामं आहे, पण उडालं की काय झालं ते कुणी बघितलं नाही, मार्चमध्ये ऊन वाढल्यावर गाड्या यायच्या बंद झाल्या. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या एका पिल्लाचे दोनचार हजार तरी फोटो कुणाकुणाच्या हार्ड डिस्कवर असतील. डोळ्यातली चमक, पिसाची कड, सगळं शार्प. पण ते जगलं की मेलं, हे पृथ्वीवर एकाही माणसाला माहीत नाही.

आता कायदा. हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण माझ्या ओळखीच्या दहातल्या नऊ फोटोग्राफरांना हे ठाऊक नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिलीये. ठार मारणं, पकडणं, सापळा लावणं वगैरे तर आहेच. पण त्याच व्याख्येत पुढे असंही आहे की वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणं किंवा अंड्यांना, घरट्याला उपद्रव देणं म्हणजेही शिकार. समुद्र गरुड अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या शेजारी. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, वर दंड. म्हणजे सुरूच्या झाडाखालचे ते सात निसर्गप्रेमी कायद्याच्या भाषेत शिकारी असू शकतात. बंदुकीऐवजी दोन-अडीच लाखांची लेन्स, एवढाच फरक. कुणाला आजवर या कलमाखाली आत टाकल्याचं माझ्या कानावर नाही, आणि सगळ्यांना आत टाका असंही मी म्हणत नाही. पण "आम्ही काही चुकीचं करत नाही" हे वाक्य जरा जपून वापरावं.

पण माझा खरा आक्षेप त्या सात जणांपेक्षा आठव्या माणसावर आहे, ज्याने पत्ता फोडला.

आपल्या भाषेत सांगतो. समुद्र गरुड तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, दरवर्षी डागडुजी करून, वर काटक्या चढवून. म्हणजे घरट्याचा पत्ता हा बदलता न येणारा पासवर्ड आहे. तुमचा पासवर्ड फुटला तर तुम्ही पाच मिनिटांत रीसेट करता. गरुडाला रीसेटची सोय नाही. त्याला त्या पट्ट्यात तेवढं म्हातारं, तेवढं उंच, पाण्याला तेवढं जवळ दुसरं झाड शोधावं लागतं, आणि किनाऱ्यावर अशी झाडं किती उरलीत ते तुम्हीच गाडीतून बघता. ज्या कंपनीत कुणी प्रॉडक्शनचा पासवर्ड ग्रुपवर टाकला तर दुसऱ्या दिवशी त्याला एचआर बोलावतं, त्याच कंपनीतला माणूस शनिवारी गरुडाच्या घरट्याचं लोकेशन दोनशे जणांच्या ग्रुपवर पिन करतो. वर लिहितो, "एन्जॉय बडीज!"

आणि कित्येकदा तर पिनही टाकावा लागत नाही. मोबाईलच्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून जातात, पण "क्वालिटी जाते रे" म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की जसेच्या तसे पोचतात. हे आपल्याला कळत नाही असं कसं म्हणू? आपण हेच करून पोट भरतो.

बरं, समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, कारण ते अगदीच फालतू नाहीत.

एक म्हणजे, हा पक्षी कुठे दुर्मिळ आहे? खरंय, जागतिक यादीत तो धोक्यात नाही. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलाय. पण जागतिक यादी त्या सुरूच्या झाडाला लागू होत नाही. एका किनाऱ्यावरून पक्षी नाहीसा व्हायला तो जगातून नाहीसा व्हावा लागत नाही. ब्रिटनमधून पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. नॉर्वेत तो होताच! मग १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून स्कॉटलंडच्या रम बेटावर सोडायला लागले, आणि जंगलात जन्मलेलं पहिलं पिल्लू उडालं ते १९८५ साली, मल बेटावर. दहा वर्षं. एका पिल्लासाठी.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना प्रेम कसं वाटणार, आणि प्रेम नाही वाटलं तर वाचवणार कोण? वेळासचंच उदाहरण देतात लोक. पर्यटक आले, गावात पैसा आला, कासव वाचलं.

मला वेळास मनापासून आवडतं. पण नीट बघा, तिथे काय दाखवतात. कासवाची मादी रात्री येते, वाळूत अंडी घालते आणि निघून जाते. परत येत नाही. अंडी गावातली माणसं काळजीने कुंपणातल्या जागेत हलवतात, आणि पाहुणे बघतात ती सकाळ-संध्याकाळ दोरीच्या आड सोडलेली पिल्लं. आईला कुणाचाच त्रास नाही, कारण आई तिथे नाहीच. गरुडाचं नेमकं उलटं. आईने बसून राहणं हाच त्याचा सगळा संसार. चाळीस दिवसांत तिला उठवलंत की अंडं उन्हात, आणि कावळा तयार. विशेषतः सुरुवातीच्या काळात त्रास झाला तर समुद्र गरुड घरटं सोडून देतात, हे जिथे जिथे अभ्यास झाला तिथे दिसलंय. कासवाचं मॉडेल गरुडाला लावायचं म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर टाकण्यासारखं आहे.

आणि दाखवायचंच असेल तर तेही करता येतं की. मल बेटावर करतात. एखादं घरटं निवडून लांब आडोसा बांधतात, सोबत माहीतगार माणूस असतो, तिकीट असतं, पैसा बेटावर राहतो. बाकीच्या घरट्यांबद्दल चकार शब्द नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार या पक्ष्याला घरट्यापाशी त्रास देणं गुन्हा आहे आणि घरट्याजवळ फोटो काढायला परवाना लागतो. टास्मानियात तर हाच आपला पांढऱ्या पोटाचा गरुड, तिथे विणीच्या काळात घरट्याच्या पाचशे मीटर परिसरात, आणि घरट्यावरून थेट नजरेत येत असेल तर एक किलोमीटरपर्यंत, झाडं तोडायचं काम करायचं नाही असा नियम आहे. लाकूडतोड्याला एक किलोमीटर. आणि आमचा निसर्गप्रेमी चाळीस पावलांवर!

सिडनीच्या कॅमेऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही. तो झाडावर मुकाट बसलेला असतो, खोकत नाही, सेल्फी घेत नाही, "भाई थोडा लेफ्ट" म्हणत नाही. रीड-ओन्ली अॅक्सेस. माझं भांडण कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाशी आहे.

परत भंडाऱ्याकडे येतो, कारण समुद्र गरुड ही फक्त कोकणवाल्यांची गोष्ट नाही. आमच्याकडे समुद्र नाही, पण तलाव आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, नवेगावबांध, आणि आता वैनगंगेवरचा गोसेखुर्दचा अफाट जलाशय. पूर्व विदर्भातल्या अशा पाण्यावर करड्या डोक्याचा मत्स्य गरुड असतो, समुद्र गरुडाचा सख्खा भाऊबंद. नव्या वर्गीकरणात तर दोघांना एकाच कुळीत घातलंय. आणि हा मात्र जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. काठावरचं एखादं उंच झाड, त्यावर तासन् तास बसलेला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले आणि तिथल्या माधवराव पाटलांसारख्या माणसांकडून पाखरं शिकले. त्यांनी कुणाला लोकेशन विचारलं नाही, ते तिथे वर्षं काढून राहिले. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांचे फोटो स्टेटसला ठेवले. चांगलंच केलं. पण त्यांच्याकडून घ्यायचं ते मुक्काम करणं होतं.

गोसेखुर्दच्या पाण्यात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून येऊन मिळतं. मासा खाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने हा प्रश्न कुठल्याही फोटोग्राफरपेक्षा मोठा आहे, हे मला कळतं. "मग तू आमच्याच मागे का लागलास?" कारण सांडपाण्याचा प्रकल्प माझ्या हातात नाही, आणि तुमच्याही नाही. ग्रुपवरचा पिन तुमच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र आमच्याकडच्या सारसांकडून शिकण्यासारखी आहे. भंडारा-गोंदियात सारस धानाच्या बांदीत घरटं करतो. त्यांची परिस्थिती इतकी वाईट झाली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण जे सारस उरले ते कुणामुळे? ज्याच्या बांदीत घरटं आहे त्या शेतकऱ्याला ते ठाऊक असतं, आणि गोंदियाच्या सेवा संस्थेसारखी मंडळी त्याच्याशी बोलत राहतात, म्हणून. तिथे गुप्तता कामाची नाही. मालकाला माहीत नसेल तर नांगर फिरेल. तेव्हा पत्ता लपवायचा तो पाहुण्यांपासून, घरमालकापासून नाही. त्या कोकणातल्या काकांना पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं की बागेतून जाणाऱ्याला अडवायचा तुम्हाला हक्क आहे आणि कायदा तुमच्या बाजूने आहे, तर ते गच्चीवरून बघत बसले नसते. मी आता सांगितलंय. पुढच्या ऑक्टोबरात ते फाटकाला कुलूप लावणार आहेत.

"मग आम्ही करायचं काय? घरी बसायचं?"

हो! अगदी शब्दशः घरी बसायचं. तुमच्या सोसायटीतल्या उंच झाडावर, नाहीतर मोबाईल टॉवरवर, घारीचं घरटं असण्याची दाट शक्यता आहे. आणि जनुकीय अभ्यास सांगतात की समुद्र गरुडांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक घारीच. थंडी पडली की पुण्यात घारी काटक्या आणायला लागतात. काटक्यांबरोबर वायरी, चिंध्या, प्लास्टिक, काय वाट्टेल ते. तीसेक दिवस उबवणं, मग पिल्लं, मग बाल्कनीसमोर उडण्याचे क्लास. माणसांची तिला सवय आहे, तुम्ही खिडकीतून पाहिलंत तर तिचं काही बिघडत नाही (गच्चीवर चढून वाकून पाहिलंत तर ती डोक्यात पंजा मारेल, आणि मी तिच्या बाजूने साक्ष देईन). एक वही करा. एक्सेल करा, आपली जात तीच. तारीख, वेळ, कोण बसलंय, कोण काय घेऊन आलं. डिसेंबर ते मे. एकही दिवस व्हायरल होण्यासारखं काही घडणार नाही. पण मे महिन्यात तुम्हाला विचारलं की पिल्लू उडालं का, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

काल ऑफिसातल्या एकाचा मेसेज आला. "तू कोकणात सी ईगलचं नेस्ट पाहिलंस ना? लोकेशन पाठव ना यार, जानेवारीत चाललोय, ग्रुप आहे आमचा." त्याला लिहिलं, न्यूइंग्टन आर्मरी, सिडनी, ग्रुप कितीही मोठा चालेल. त्याने हसण्याचा स्मायली टाकला आणि अर्ध्या तासाने परत विचारलं, "सिरियसली, दापोली साईडला आहे का?"

मी अजून रिप्लाय केलेला नाही. करणारही नाही.